बातमी खरी होती, पण किनारा दुसरा होता



गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी जेटीवर बर्फ चढवणं चालू होतं आणि आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवरचे चार खलाशी बॅगा भरून उभे होते. मालकाने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "पंधरा तारखेपासून मासेमारी बंद. आम्ही गावी चाललो." फोन पुढे केला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : १५ एप्रिल ते १४ जून, ६१ दिवस बंदी.

मालक हबकला. बंदी १ जूनला लागते हे त्याला लहानपणापासून ठाऊक, पण यंदा नियम बदलला की काय? त्याने लगेच आपल्या फोनवर "मासेमारी बंदी तारीख" असं शोधलं. वरच्या दोन-तीन ओळींत तेच आलं, १५ एप्रिल ते १४ जून. मग काय बोलणार! दोघा खलाशांना कसंबसं थांबवलं, दोघे त्याच रात्री गाडीत बसले. सीझनचा शेवटचा दीड महिना तो ट्रॉलर अपुऱ्या माणसांवर चालला. कधी चालला, कधी जेटीलाच बांधून राहिला.

आता गंमत बघा. तो मेसेज खोटा नव्हता. ते खलाशी ओडिशाचे. ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, बंगाल या पूर्व किनाऱ्यावर बंदी खरोखरच १५ एप्रिल ते १४ जून असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै. दोन्हीकडे दिवस ६१च. त्यांच्या गावाकडून आलेली बातमी त्यांच्या गावासाठी शंभर टक्के खरी होती. फोनने दाखवलेलंही खोटं नव्हतं. फक्त किनारा दुसरा होता.

त्यानंतर आम्ही कार्यालयात बसून ठरवलं की या विषयावर एकदा सविस्तर लिहायचं. आपण सगळेच रोज फोनवर काही ना काही शोधतो. डिझेलची सवलत, विमा, इंजिनाचा पार्ट, वाऱ्याचा अंदाज, बाजारभाव. पण शोधायचं म्हणजे दोन शब्द टाकायचे आणि वर जे येईल ते उचलायचं, एवढंच आपल्याला माहीत. पाण्यात आपण असं करत नाही. रापणीला रापण, खाडीत पाग, आणि कुठला मासा हवा त्याप्रमाणे जाळ्याचा आस. सगळ्यासाठी एकच जाळं टाकणारा दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन येतो. शोधण्याचंही तसंच आहे. गूगलच्या त्या पट्टीत शब्दांबरोबर काही छोट्या खुणा टाकता येतात. त्या टाकल्या की जाळ्याचा आस बदलतो.

जुने तांडेल जेटीवरची बातमी ऐकली की तीन प्रश्न विचारायचे. कोणी सांगितलं? कुठल्या पाण्याबद्दल सांगितलं? कधी सांगितलं? या तीन प्रश्नांसाठी फोनवर तीन खुणा आहेत. तेवढ्या आल्या तरी निम्मं काम झालं.

एक सूचना आधीच. खाली आम्ही सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना मात्र साइट, फाइलटाइप, आफ्टर, बिफोर हे शब्द आणि वेबसाइटचे पत्ते इंग्रजी अक्षरांत टाकायचे, आकडेही इंग्रजी. साइट म्हणजे एस-आय-टी-ई. बोलून शोधायची सवय असेल तर इथे ती बाजूला ठेवा, कारण बोलताना या खुणा नीट उमटत नाहीत.

पहिला प्रश्न : कोणी सांगितलं?

यासाठीची खूण म्हणजे "साइट" आणि लगेच त्याला चिकटून कोलन, म्हणजे एकाखाली एक असे दोन ठिपके. त्यापुढे ज्याच्याकडून ऐकायचंय त्याचा पत्ता. मध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

मासेमारी बंदी साइट:गोवा.जीओव्ही.इन

असं टाकलं की गोवा सरकारच्या पानांवर जे आहे तेवढंच समोर येतं. मत्स्योद्योग खात्याचं पानही त्यातच येतं. केंद्राचं आणि सगळ्या राज्यांचं मिळून हवं असेल तर नुसतं साइट:जीओव्ही.इन टाका. हा पत्ता सरकारी कार्यालयांनाच मिळतो, दुकान थाटून बसलेल्या माणसाला मिळत नाही. आपल्याकडचे बरेच सरकारी कागद इंग्रजीत असतात, म्हणून मराठीत काही आलं नाही तर तेच शब्द इंग्रजीत टाकून बघा.

याची किंमत काय, ते आपल्याच एका काकांकडून ऐका. त्यांना अपघात विम्याची माहिती हवी होती. "मच्छीमार विमा अर्ज" असं शोधलं. सगळ्यात वर एक पान आलं. तिरंगा, बोटीचा फोटो, योजनेचं नाव, सगळं होतं. नाव, आधार नंबर भरला, मग हप्ता म्हणून दोन हजारांच्या आसपास रक्कम मागितली. भरली. पावती आली नाही, फोन लागेना. तेव्हा ते कार्यालयात आले.

मंडळी, हे लक्षात ठेवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मच्छीमाराला हप्ता भरावाच लागत नाही. तो केंद्र आणि राज्य सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २ लाख ५० हजार, आणि अपघातानंतर इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत खर्च, असं त्याचं स्वरूप आहे. म्हणजे काकांनी जो हप्ता भरला तो मुळात नव्हताच. साइटची खूण टाकून सरकारी पान वाचलं असतं तर पहिल्याच परिच्छेदात हे कळलं असतं.

पत्ता कसा वाचायचा तेही सांगतो. आपण डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. पुढे "पीएम", "मत्स्य", "योजना", "सबसिडी" असे शब्द कोणीही लावू शकतं. पत्ता उजव्या टोकाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे संपतं ते महत्त्वाचं. तिथे जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असेल तर सरकारी. जीओव्ही मध्येच कुठेतरी असेल आणि शेवट भलत्याच नावावर होत असेल तर हात आखडता घ्या. शिवाय सगळ्यात वर बारीक अक्षरांत "प्रायोजित" असं लिहिलेलं असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. ती वर आहे म्हणून खरी नव्हे.

सगळं चांगलं सरकारी पत्त्यावरच असतं असंही नाही. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, यांचे पत्ते वेगळ्या शेपटीचे आहेत. संस्था ओळखीची झाली की तिचा पत्ता वहीत लिहून ठेवा आणि साइटच्या खुणेपुढे तोच टाका.

दुसरा प्रश्न : कुठल्या पाण्याबद्दल?

इथे दोन खुणा लागतात. अवतरणचिन्ह आणि वजा.

शब्दांभोवती दुहेरी अवतरणचिन्हं लावली की ते शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने जिथे असतील तीच पानं येतात. नुसतं पश्चिम किनारा टाकलं तर एखादं पर्यटनाचं पानही येईल. "पश्चिम किनारा" असं चिन्हांत टाकलं आणि पुढे मासेमारी बंदी लिहिलं की जाळं आवळतं. देवनागरीतही हे चालतं, इंग्रजीतही चालतं.

वजा म्हणजे आडवी छोटी रेघ. नको असलेल्या शब्दाला ती चिकटवायची, मध्ये जागा न सोडता. आपल्या त्या मालकाने असं शोधलं असतं तर :

मासेमारी बंदी "पश्चिम किनारा" -ओडिशा -तमिळनाडू -आंध्र

तर पूर्वेकडची बरीचशी गर्दी बाजूला झाली असती. मात्र वजा जपून वापरा. केंद्राच्या आदेशात दोन्ही किनाऱ्यांच्या तारखा एकाच कागदावर असतात. ओडिशा वगळलं तर तो मूळ कागदही जाळ्यातून निसटतो. म्हणून आधी वजा न लावता सरकारी साइटवर शोधा, बातम्यांची गर्दी झाली तरच वजा लावा.

"कुठलं पाणी" याचा आणखी एक अर्थ आपल्याला कळला पाहिजे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, आपल्याकडे तो १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचा आदेश. म्हणून बंदीचे कागद दोन असतात. बातमीच्या मथळ्यात फक्त तारीख येते. कुठल्या होडीला सूट आहे, बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांचं काय, हे मूळ कागदातच असतं. ज्याच्याकडे छोटी होडी आहे त्याच्यासाठी ती एक ओळच दोन महिन्यांची भाकरी आहे.

तिसरा प्रश्न : कधी सांगितलं?

आफ्टर म्हणजे या तारखेनंतरचं, बिफोर म्हणजे या तारखेआधीचं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये छोट्या रेघा.

मत्स्य संपदा योजना अर्ज साइट:जीओव्ही.इन आफ्टर:२०२५-०४-०१

याची गरज का पडते? ही योजना २०२० मध्ये आली. २०२०-२१ ते २०२४-२५ असा तिचा मूळ कालावधी होता, नंतर तो पुढे वाढवला. मधल्या काळात अर्जाच्या पद्धती बदलल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये मच्छीमारांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच सुरू झाला. पण २०२१ ची पानं कुठे गेली नाहीत, ती अजून तिथेच आहेत. जुनं पान खोटं बोलत नाही, ते फक्त त्या वर्षाचं बोलतं. आपण ते आजचं समजून झेरॉक्स काढतो आणि खिडकीवरून परत येतो.

तारखेच्या खुणेवर डोळे मिटून विसंबू नका. फोन जी तारीख धरतो ती पानाची, आतल्या कागदाची नव्हे. जुनाच आदेश कोणी काल नव्याने चढवला असेल तर तो नवा दिसू शकतो. म्हणून कागद उघडल्यावर वरच्या कोपऱ्यातला जावक क्रमांक आणि तारीख बघायचीच.

उलटंही करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर वादळाचा व्हिडिओ आला, की त्यातलं वाक्य चिन्हांत टाकून बिफोरची खूण लावा आणि मागच्या वर्षाची तारीख द्या. तेच वाक्य मागच्या वर्षीही सापडलं तर समजा शिळं नुस्तं कोणीतरी ताजं म्हणून विकतंय. मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर "आज रात्री" म्हणून फिरला होता, आठवतंय ना?

मूळ कागद हवा असेल तर

बैठकीत आपण बोलतो, "साहेब, एलईडी लाइट लावून मासेमारी करायला बंदी आहे." साहेब विचारतात, "कुठल्या आदेशाने?" आणि आपण एकमेकांकडे बघतो. हे कितीदा झालंय!

इथे फाइलटाइपची खूण कामाला येते. एफ-आय-एल-ई-टी-वाय-पी-ई, कोलन, आणि पीडीएफ. सरकारी आदेश, राजपत्र, नियमावली, संशोधन अहवाल हे बहुतेक पीडीएफ स्वरूपात असतात. बातमी किंवा जाहिरात सहसा तशी नसते. त्यामुळे एका फटक्यात फापटपसारा गळून पडतो.

"एलईडी" "बुल ट्रॉलिंग" आदेश साइट:जीओव्ही.इन फाइलटाइप:पीडीएफ

हे इंग्रजी अक्षरांत टाकून आम्ही कार्यालयात शोधलं. १० नोव्हेंबर २०१७ चा केंद्राचा आदेश आहे. भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी किंवा इतर कृत्रिम दिवे लावून मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून ओढायचं बुल ट्रॉलिंग, दोन्हींवर त्याने बंदी घातली. आता हा कागद फाइलमध्ये लावलाय. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर तारखेसकट पुढे ठेवायचा. तोंडी तक्रारीला "बघू" म्हणतात, कागदाला पोच द्यावी लागते.

गोव्याच्या राजपत्रासाठीही हीच युक्ती. सरकारी मुद्रणालयाच्या साइटवर जुन्या अंकांचा साठा आहे. अधिसूचनेतला एखादा नेमका शब्दसमूह चिन्हांत टाकला की पानं चाळत बसायची पाळी येत नाही. सगळे जुने अंक स्कॅन करून चढवलेले असतात, त्यातली अक्षरं कधी कधी यंत्राला वाचता येत नाहीत. तसं झालं तर तारखेवरून अंक काढून डोळ्यांनीच वाचावं लागतं.

एका माशाची दहा नावं

आपण पेडवे म्हणतो, कोणी तारली म्हणतो, कारवारकडे आणखी वेगळं नाव, केरळात मत्ती. इंग्रजीत ऑइल सार्डिन. मासा एकच. फोनला हे नातं नेहमी कळेलच असं नाही. इथे ओआर ही खूण वापरतात, म्हणजे "हे किंवा ते". ही दोन अक्षरं इंग्रजीत आणि मोठ्या लिपीतच टाकायची, छोटी टाकली तर चालत नाहीत.

तारली ओआर तारले ओआर पेडवे

मच्छीमार या शब्दाचंही तेच. कुठे "मच्छीमार", कुठे "मच्छिमार", कुठे "मासेमार", सरकारी भाषेत "मत्स्यव्यवसाय". वेलांटी बदलली की कधी कधी कागद हातचा जातो. दोन्ही टाका.

पण सगळ्यात भरवशाचं म्हणजे माशाचं शास्त्रीय नाव. ते जगभर एकच असतं. तारलीचं सार्डिनेला लाँगीसेप्स, बांगड्याचं रास्ट्रेलिजर कानागुर्ता, इसवणाचं म्हणजे सुरमईचं स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन. उच्चार अवघड आहे, पण तोंडाने म्हणायचं नाही, एकदा चिन्हांत टाकायचं. इंग्रजी स्पेलिंग हवं असेल तर कार्यालयाच्या फळ्यावर लावलंय. हे नाव टाकलं की हॉटेलचे मेनू आणि रेसिपी बाजूला होतात आणि अभ्यास समोर येतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपले हजारो अहवाल आणि लेख सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलेत. त्या संस्थेचं केंद्र आपल्या शेजारी कारवारलाही आहे.

बचत गटाच्या दोन पोरींनी तारलीवर असंच शोधलं. केरळात २०१२ मध्ये तारलीचं उत्पादन जवळपास ३ लाख ९० हजार टन होतं, ते २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आलं, हे आकडे त्या अहवालांवरून त्यांनी वहीत उतरवले. आपल्याकडे तारली गायब झाली की दरवर्षी एकमेकांवर बोट दाखवून भांडणं होतात. पर्ससीनवाले म्हणतात ट्रॉलरमुळे, ट्रॉलरवाले म्हणतात पर्ससीनमुळे. हे अहवाल वाचल्यावर कळतं की पाण्याचं तापमान, पाऊस, समुद्रातलं बारीक खाद्य आणि आपली जाळी, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. भांडण मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. पण निदान बोलायला काहीतरी हातात आलं.

लहान मासा पकडण्याच्या नियमांचंही असंच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. वेंगुर्ले-मालवणच्या पाहुण्यांशी आपला रोजचा व्यवहार आहे, तेव्हा त्यांचा नियम आपल्याला माहीत हवा. "किमान कायदेशीर आकारमान" किंवा त्याचं इंग्रजी रूप चिन्हांत टाका, पुढे साइट:महाराष्ट्र.जीओव्ही.इन.

इथे शोधत बसू नका

एवढं सगळं सांगून झाल्यावर उलटं सांगतो. काही गोष्टी शोधायच्याच नसतात.

पहिली म्हणजे आजची हवा. "गोवा समुद्र हवामान" असं शोधून वर येणाऱ्या कुठल्याही पानावर होडी सोडू नका. सरळ हवामान खात्याच्या पानावर जा आणि मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. लाटा, वारा, फुगवटा यासाठी इन्कॉइसचं पान. इन्कॉइस आहे हैदराबादेत, जिथे समुद्र दिसतही नाही, पण आपल्या किनाऱ्यावर किती उंचीची लाट येणार ते तिथून कळतं. मासळी कुठे गोळा होण्याची शक्यता आहे त्याची सूचनाही तेच देतात, उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून. ती सूचना ताज्या मासळीसारखी असते. परवाची घेऊन गेलात तर डिझेलच जाळून याल. ही दोन्ही पानं फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवून घ्या, म्हणजे शोधायची वेळच येणार नाही. जमत नसेल तर कार्यालयात या, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी म्हणजे मदतीचे आणि कस्टमर केअरचे नंबर. बँकेचा, इंजिन कंपनीचा नंबर शोधात वर आला म्हणून फिरवू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. पासबुकावर, कार्डाच्या मागे, इंजिनाच्या पुस्तकात छापलेला नंबर तोच खरा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३, हे दोन आकडे केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. पैसे फसवून गेले तर १९३० वर लगेच फोन करा. आपले काका दुसऱ्या दिवशी आले, तोवर रक्कम पुढे सरकली होती. पहिल्या तासात फोन केला तर ती मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तिसरी म्हणजे शोधाच्या वर आपोआप तयार होऊन येणारं एआयचं उत्तर. वाचायला सोपं असतं, मराठीही गोड असतं. पण ते चार पानांतलं उचलून एक करतं, आणि त्या चारात दोन किनारे मिसळले तर तुम्हाला कळणारही नाही. त्याच्या बाजूला मूळ पानाचा दुवा असतो. तो उघडा, तिथे वाचा, मगच विश्वास ठेवा.

भिंतीला लावण्यासाठी

सगळं लक्षात राहणार नाही, म्हणून थोडक्यात :

• कोणी सांगितलं? साइट: आणि पुढे पत्ता.
• नेमके शब्द हवेत? दुहेरी अवतरणचिन्हं.
• नको ते बाहेर? शब्दाला चिकटून वजा.
• कधीचं? आफ्टर: किंवा बिफोर:, पुढे वर्ष-महिना-दिवस.
• मूळ कागद? फाइलटाइप:पीडीएफ.
• दोन नावं? मध्ये मोठ्या लिपीत ओआर.
• कोलननंतर आणि वजानंतर जागा सोडायची नाही.
• फारच कमी आलं तर एकेक खूण काढत जा. जाळं फार बारीक झालं असेल.
• पैसे, आधार किंवा ओटीपी मागितला तर हात थांबवा आणि आधी कार्यालयात विचारा.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यालयात फोन घेऊन या. वाचता येतं पण टाइप जमत नाही, असे कोणी असतील तर घरातल्या शाळकरी पोराला सोबत आणा. त्याला टाइप करता येतं, पण कुठलं पाणी विचारायचं ते त्याला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत आहे. दोघं मिळून बसलात तर काम होतं.

आणि त्या ट्रॉलरमालकाचं काय झालं, ते राहिलंच. यंदा एप्रिल लागायच्या आधीच त्याने केबिनमध्ये एक कागद चिकटवला. वर पूर्व किनारा, १५ एप्रिल ते १४ जून. खाली पश्चिम किनारा, १ जून ते ३१ जुलै. आम्ही म्हटलं, अरे आपली तारीख लावलीस ते ठीक, त्यांची कशाला? तो म्हणाला, "त्यांचे भाऊबंद तिकडे घरी बसलेले असतात. यांना ते कळलं पाहिजे. नाहीतर परत कोणीतरी बॅग भरणार."

यंदा चौघेही थांबले.

ही माहिती आपल्या वाड्यावरच्या ग्रुपवर पुढे पाठवा. आणि पाठवताना तारीख टाकायला विसरू नका.